आयर्लंडला निघालेला बांध

शुक्रवारी सकाळी बब्रुवान सुरवसे सास्तूरच्या आपल्या अंगणात हात मागं बांधून अशा येरझारा घालत होते, की म्हैससुद्धा चारा सोडून त्यांच्याकडं बघत राहिली. ओट्यावर एक जाडजूड खाकी लिफाफा होता. तो सोमवारी मुंबईच्या व्हिसा केंद्रात पोचला तर ठीक. नाही पोचला तर ऑनलाइन भरलेला अर्ज आपोआप रद्द. आणि अर्ज रद्द म्हणजे मोनिकाचं पहिलं बाळंतपण तिकडं आयर्लंडात, आईवाचून.

मोनिका त्यांची एकुलती एक लेक. डब्लिनच्या दवाखान्यात नर्स होती. जावईही तिथंच, आणि त्यांची ड्युटी नेहमी रात्रीची. दिवस भरत आले तसा मोनिकाचा फोनवरचा आवाज बारीक होत चालला होता. "आई, तू ये," एवढंच ती म्हणायची. एकदा बब्रुवानांनी घसा खाकरून, आपण सहज विचारतो आहोत असं दाखवत विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही बाळ जरा मोठं झाल्यावर या ना, पप्पा. आत्ता आलात तर म्हशीचं कोण बघणार?"

म्हशीचा मुद्दा बिनतोड होता. बब्रुवानांनी "बरोबर, बरोबर" म्हटलं आणि फोन अयोध्याबाईंकडं दिला. पण म्हशीसाठी आपण मागं राहणार ही गोष्ट हायस्कूलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला लागायची ती लागलीच. त्यात गल्लीतलं प्रत्येक माणूस विचारायचं, "म्हंजी तुमी न्हाय चाललाव व्हय?" बब्रुवान सांगायचे, "मला थंडी सोसत नाही."

आता एवढा उशीर का झाला म्हणाल, तर निम्मा दोष फोटोचा होता. व्हिसाच्या फोटोत हसायचं नाही, असा नियम. अयोध्याबाई आयुष्यात कुठल्याच फोटोत हसलेल्या नव्हत्या. लग्नाच्या फोटोतही त्या कुणाच्या तरी दहाव्याला बसल्यासारख्या दिसतात. पण लोहाऱ्याच्या फोटोवाल्यानं "मावशी, हसू नका हां" म्हटलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. शेवटी फोटो निघाला. फोटोवाल्यानं तो आपल्या मनानं कॉम्प्युटरवर साफसूफ केला, रंग उजळवला, गालावरचा डाग काढला, डोळ्यांखालची वर्षं पुसली. मोनिकाला पाठवला तर तिनं विचारलं, "पप्पा, ही कोण?" परत लोहारा, परत फोटो, परत हसू.

उरलेला निम्मा दोष बब्रुवानांच्या स्वभावाचा. अपुऱ्या कागदपत्रांचे अर्ज परत पाठवण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, तो स्वतःचा अर्ज अपुरा कसा पाठवील? त्यांनी पानांना क्रमांक घातले, पहिल्या पानावर अनुक्रमणिका लावली, आणि "उपरोक्त विषयास अनुसरून" याचं इंग्रजी कसं करावं यावर चार संध्याकाळी घालवल्या. मोनिकानं सांगितलं होतं की दवाखान्याचं पत्र पुरे. पण यांनी पुरावा भक्कम असावा म्हणून सोनोग्राफीचा फोटोही मोठा करून जोडला.

गावच्या पोस्टात चौकशी केली, तर मास्तर म्हणाले, "आजची थैली गेली की. तुमी असं करा, थेट धाराशिवच्या मोठ्या पोस्टात नेऊन द्या. आज स्पीड पोस्ट झालं तर सोमवारी मुंबईत पोचतंय. पर दुपारची बॅग निघायच्या आत हं."

म्हणून दोघं निघाले. अयोध्याबाईही बरोबर हव्याच होत्या. ऐनवेळी कुठं सही राहिली असली तर कुणाची घेणार? फाटकातच शेजारचे महांतप्पा भेटले. महांतप्पांचा भाचा कधीकाळी दुबईला होता. तेवढ्या शिदोरीवर ते गल्लीचं परराष्ट्र खातं सांभाळत.

"पासपोर्ट असा उघडा घिऊन चाललाव?" त्यांनी लिफाफ्याकडं बघून डोळे मोठे केले. "चोर लांबून वळखतेत. खाकी पाकीट दिसलं की त्यांना कळतंय."

"मग काय करू?"

"ती बियाणं कंपनीची हिरवी पिशवी न्हाय का, फुकट वाटलेली? तिच्यात टाका. मानसं म्हनतेल, कोथिंबीर असंल."

बब्रुवानांना पटलं. अयोध्याबाई आत जाऊन पिशवी घेऊन आल्या. तेवढ्यात समोरच्या द्वारकाबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "आता निगालाव? आता राहुकाळ हाय. इमान आडकतंय बगा." महांतप्पा म्हणाले, विमान पोस्टानं जात नसतं. द्वारकाबाई म्हणाल्या, मग पोस्ट विमानानं जातंय का नाही? या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत कोपऱ्यावरून धाराशिवची एसटी वळून गेली. तिच्या मागची धूळ खाली बसली तेव्हा कुठं बब्रुवानांनी घाईघाईनं हात वर केला.

"गेली की ओ!" अयोध्याबाई म्हणाल्या.

"दिसलं मला."

मग वडाप जीप. तिच्यात किती माणसं बसतात हे जीपवाल्यालाही माहीत नसावं. कुणी उभं दिसलं की तो थांबायचा. बब्रुवान मागच्या बाकावर एका कडेला टेकलेले, मांडीवर हिरवी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. गचका बसला की ते आत चाचपून बघायचे. शेजारी धोतर-टोपीतले एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांनी चौकशी केली.

"कुटं जायलाव?"

"धाराशिवला. पोस्टात."

"म्या कोर्टात. बांदाची केस हाय. भावकीनं नांगर घालून घालून बांद आमच्या अंगावर आणलाय. आज वकिलानं नकाशा आण म्हनलंय." त्यांनीही मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. तीही हिरवीच होती. बियाणं कंपनीनं सगळ्या तालुक्यावर सारखंच प्रेम केलं होतं.

अर्ध्या वाटेत फट् असा आवाज झाला आणि जीप एका अंगाला कलली. पंक्चर. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, सगळं रस्त्याकडंच्या पुलाच्या कठड्यावर मांडलं गेलं. जीपवाला स्टेपनी काढायला गेला आणि स्टेपनीकडं बघतच राहिला, कारण ती आधीच पंक्चर होती. दर मिनिटाला घड्याळ बघून वेळ थांबते असं कुठं सिद्ध झालेलं नाही, तरी बब्रुवान बघत राहिले. ते रस्त्याच्या मधोमध जाऊन येईल त्या वाहनाला दोन्ही हात करू लागले. एक मोटारसायकल थांबली, पण ती धोतरवाल्यांच्या ओळखीची निघाली. त्यांनी कठड्यावरची पिशवी उचलली, धोतर सावरलं आणि मागं बसून गेलेसुद्धा.

मग एक टेम्पो थांबला. बब्रुवानांनी उरलेली हिरवी पिशवी छातीशी धरली, अयोध्याबाईंना पुढं बसवलं आणि स्वतः मागं कोबीच्या गोण्यांवर बसून धाराशिवात प्रवेश केला. एका निवृत्त हेडक्लार्कचा जिल्ह्याच्या ठिकाणी असा प्रवेश व्हावा हे त्यांना रुचलं नाही. पण कोबीला त्याचं काही नव्हतं.

पोस्टात रांग छोटी होती. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय आहे?"

"आयर्लंडच्या व्हिसाचा अर्ज," बब्रुवान मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मुंबईला स्पीड पोस्ट. अत्यंत तातडीचं." आणि पिशवीत हात घालून त्यांनी कागद बाहेर काढले. आधी फडक्यात बांधलेली भाकरी आली. मग मिरचीचा ठेचा. मग दोरीनं बांधलेली मळकट फाईल, आणि तिच्यातून घडी उलगडत, शेतांचे बांध आखलेला एक लांबच लांब नकाशा खिडकीवर पसरला.

बाईंनी नकाशा निरखून पाहिला. "काका, आयर्लंडला बांध पाठवायलाव का?"

मागची रांग हसली. बब्रुवानांना ते ऐकू आलंच नाही. त्यांना एवढंच दिसलं की फाईलवर 'चन्नबसप्पा' असं नाव आहे, आणि आपल्या बायकोचा पासपोर्ट, शिक्का मारलेली बँकेची पानं, मोनिकाची सहीची पत्रं, सगळं एका धोतरवाल्याच्या मांडीवर बसून कुठंतरी गेलंय. ते तिथल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "संपलं."

"संपलं काय? उठा," अयोध्याबाई म्हणाल्या. "कोर्टात जातो म्हनला न्हाय का त्यो? मग कोर्टातच असंल." आणि फाईल, नकाशा, ठेचा, भाकरी सगळं पिशवीत कोंबून त्या पुढं निघाल्याही. रिक्षा त्यांनीच थांबवली. बब्रुवान मागून चढले.

कोर्टाच्या आवारात लिंबाच्या सावलीला वकिलांची टेबलं मांडलेली होती. काळ्या कोटांच्या आणि पांढऱ्या टोप्यांच्या त्या गर्दीत माणूस कसा शोधायचा हा प्रश्नच होता, पण चन्नबसप्पा दिसायच्या आधी ऐकू आले. त्यांचे वकील रणधीरसाहेब एक काळा-पांढरा कागद हातात उभा-आडवा फिरवत होते.

"चन्नबसप्पा, ह्याच्यात उत्तर दिशा कुठली?"

"आता मला काय म्हाईत सायेब? उपग्रहावरून काढलेला असंल. आमच्या पोरानं पिशवी भरलीया."

"हे मधी गोल दिसतंय ते काय? विहीर?"

"इहीर न्हाय आमच्यात. भावकीनं नवी पाडली का काय?" चन्नबसप्पांचा आवाज चढला. "बगा सायेब, इहीरबी आमच्याच हद्दीत पाडलीया!"

"लिहून घेतो," म्हणत वकिलांनी पेन काढलं.

"अहो थांबा!" बब्रुवान जे ओरडले ते पार कोर्टाच्या पायऱ्यांपर्यंत गेलं. "विहीर नाही ती! ते आमचं नातवंड आहे!"

वकिलांनी कागद हळूच टेबलावर ठेवला, नमस्कार करावा तसा. मग खालच्या कोपऱ्यात छापलेलं दवाखान्याचं नाव त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तरीच म्हणलं, गट नंबर कुठं दिसंना."

चन्नबसप्पांनी दोन्ही कान धरले. "चुकी झाली बगा, पाव्हनं. पिशवी एकसारकी. गडबडीत उचलली." मग त्यांनी पुन्हा त्या कागदाकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "डोकं कुटलं ह्याच्यात?" अयोध्याबाईंनी बोट ठेवून दाखवलं. वकीलही वाकून बघू लागले. शेजारच्या टेबलाचे पक्षकारही आले. बब्रुवानांनी नातवंड जवळजवळ हिसकावूनच घेतलं, चन्नबसप्पांची पिशवी टेबलावर ठेवली, आपली उचलली, कागद गोळा केले आणि रिक्षाकडं धावले.

परतीच्या रिक्षात ते अनुक्रमणिकेप्रमाणं पानं लावत होते. खड्डा आला की पान पाच पान नऊच्या जागी जायचं.

"एवढी मोठी चूक झालीच कशी?" ते पुटपुटले. "मी रस्त्यात हात करत होतो, कबूल. पण तू तर पिशवीजवळच उभी होतीस."

अयोध्याबाईंनी पिशवीच्या बंदावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्या बगितलं होतं."

"काय?"

"त्यो आपली पिशवी उचलताना. आपल्या पिशवीचा बंद म्या परवाच शिवला होता, लाल दोऱ्यानं. त्येच्या हातात लाल दोरा दिसला मला. बोलावं म्हनलं, पर तोंडच उघडंना. मोटारसायकल गेली, मग वाटलं, जाऊ दे. गेलं तर गेलं."

बब्रुवानांनी पानं मांडीवर पालथी ठेवली.

"म्या सोलापूरच्या पुढं कधी गेली न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या इमानात कुनाला काय इचारू? इंग्रजीत पानी कसं मागू? तिकडं जावई रातभर भाईर, पोरगी दवाखान्यात, आन म्या त्या परक्या घरात एकली. हिकडं तुमी एकले. तुमाला चहाबी धड करता येत न्हाय. रातभर डोळ्याला डोळा लागत न्हाय माजा. कुनाला सांगू? समदी गल्ली म्हनती, अयोध्याबाई नशीबवान."

बब्रुवानांना रागवायचं होतं. रागवायला एवढं भक्कम कारण त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. पण त्यांना सकाळचा कोपरा आठवला. एसटी वळताना त्यांना चांगली दिसली होती, अगदी पुढची पाटीसुद्धा वाचली होती; आणि नेमकं तेव्हाच त्यांनी महांतप्पांना, दुबईत उन्हाळा केवढा असतो, हे विचारलं होतं. त्याचं उत्तर त्यांना मुळीच नको होतं.

हे त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "नको वाटत असंल तर नको पाठवू या. मोनिकाला मी सांगतो. मुदत हुकली म्हणतो. दोष माझ्यावर घेतो."

रिक्षा पोस्टासमोर थांबली. अयोध्याबाई उतरल्या. त्यांनी पदर खोचला.

"येड्यावानी बोलू नका. पोरगी तिकडं वाट बगाय लागलीया. भ्याव वाटतंय म्हनून लेकीचं बाळतपण टळतंय व्हय? चला."

खिडकीतल्या बाईंनी बब्रुवानांना बघून विचारलं, "बांध गेला का?" आणि वजनकाटा पुढं सरकवला. बब्रुवानांनी अनुक्रमणिका शेवटची एकदा पडताळायला घेतली. अर्ज आहे. पत्र आहे. फोटो आहे, न हसलेला. बँकेचे कागद आहेत. नातवंड आहे. पासपोर्ट...

पासपोर्ट नव्हता.

त्यांनी लिफाफा उलटा केला, पिशवी उलटी केली, मग स्वतःचे खिसे उलटे केले. अयोध्याबाईंनी आपली पर्स बाकावर ओतली. बाई म्हणाल्या, "काका, दुपारची बॅग बांधायला घेतली बरं का आत." बब्रुवानांचा चेहरा असा पांढरा पडला की फोटोवाल्याला उजळवायची गरज पडली नसती. कोर्टात जाऊन यायला आता वेळ नव्हता. आणि गेलो तरी त्या गर्दीत कुणाच्या पायाखाली असेल तो? एवढ्याशा पुस्तकावर एक अख्खी बाई आयर्लंडला जाणार होती, आणि ते पुस्तक लिंबाखाली कुठंतरी पडलेलं.

तेवढ्यात पोस्टाच्या दारात धोतराचा सोगा हातात धरलेले चन्नबसप्पा दिसले. ते धावत आले होते आणि त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. हातात निळं पुस्तक होतं.

"वकिलानं... कागदावर ठिवलं होतं... वाऱ्यानं उडू ने म्हनून..." ते बाकावर बसले. "फोटो बगितला. म्हनलं, ह्या तर मगाच्या बाई."

"अहो, पण तुमची केस?" बब्रुवानांनी विचारलं.

"पुकारा झाला आसंल की," चन्नबसप्पा कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "पडंल पुढची तारीख. बांद कुटं जातोय? पोरीचं तसं न्हाय."

बब्रुवानांनी त्यांचे दोन्ही हात धरले. जरा वेळ ते नुसते हलवतच राहिले. लिफाफा चिकटला. चिकटपट्टी दोनदा लागली. बाईंनी तो घेतला, शिक्का मारला आणि मागं पोत्यात टाकला, इतक्या सहज, की बब्रुवानांना वाटलं, त्यांना थोडंसं तरी हळू टाकायला सांगावं.

त्यानंतरचा शनिवार-रविवार सगळ्या गल्लीनं मोबाईलवर काढला. लिफाफा कुठवर गेला हे नंबर टाकून दिसतं, ही बातमी फुटली आणि महांतप्पा दर थोड्या वेळानं येऊन विचारू लागले, "सोलापूर वलांडलं का?" द्वारकाबाईंनी पोस्टाच्या नावानं नारळ ठेवला. रविवारी दिवसभर लिफाफा एकाच जागी दाखवत होता, तेव्हा बब्रुवान जेवले नाहीत; म्हैससुद्धा त्यांनी दोनदा पिळायला घेतली, एकदा चुकून. सोमवारी दुपार टळायला आली आणि मोबाईलवर 'पोचले' असं उमटलं. महांतप्पांनी स्वतः दुबई जिंकल्यासारखे पेढे आणले.

मग वाट बघणं सुरू झालं. त्याला तर मुदतही नव्हती. बब्रुवान चहा करायला शिकले. पहिला चहा म्हशीनंही घेतला नाही. अयोध्याबाई संध्याकाळी ओट्यावर बसून "वॉटर प्लीज, वॉटर प्लीज" म्हणत राहिल्या. व्हिसा येणार का नाही यावर गल्लीत दोन तट पडले. दारात कुणी आलं की दोघंही ताडकन उठायचे, आणि तो पोस्टमन नाही असं दिसलं की दोघंही सुस्कारा टाकायचे. तो सुस्कारा नक्की कसला, हे एकानं दुसऱ्याला विचारलं नाही.

शेवटी एके दिवशी पाकीट आलं. महांतप्पा आणि द्वारकाबाई पाकिटाच्या मागोमागच घरात शिरले. बब्रुवानांनी पासपोर्ट उघडला. आत व्हिसाचा नवाकोरा स्टिकर होता, त्याच्यावर अयोध्याबाईंचा न हसलेला फोटो. त्यांना ते इंग्रजी नीट वाचवेना, म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉल लावून पान मोनिकाच्या समोर धरलं.

तिकडून मोनिकाची किंकाळीच आली. "मिळाला! पप्पा, मिळाला! आई, तीन महिन्यांचा दिलाय! पूर्ण तीन महिने!"

"एवढे?" अयोध्याबाई आणि बब्रुवान एकदमच म्हणाले.

महांतप्पांनी द्वारकाबाईंकडं बघितलं. नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघितलं आणि पटकन नजर वळवली.

"काय म्हणालात?" मोनिका विचारत होती. "आवाज तुटतोय. पप्पा? काय म्हणालात?"

बब्रुवानांनी मोबाईल जरा जवळ धरला.

"काही नाही गं," ते म्हणाले. "म्हणलं... एवढेच का?"